कोरियन-जपानी कॅफेतलं जेवण फसलं ते नेमकं कुठे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगलीत नव्यानं निघालेल्या एका कोरियन-जपानी कॅफेत तुम्ही चौघं गेलात: तुम्ही, मिस्टर, नववीतली लेक आणि तिची जैन मैत्रीण. व्हेज आणि क्रॅब स्टिक अशी दोन प्रकारची सुशी (आंबटगोड भाताचे रोल), रामेन (रश्शातल्या नूडल्स), बिबिमबाप (वर परतलेल्या भाज्या आणि तिखट चटणी घालून कालवायचा कोरियन भात), किमची (मुरवलेला तिखट कोबी), कोरियन फ्राइड चिकन आणि मैत्रिणीसाठी मिसो सूप मागवलं. बिल अडीच हजारांच्या घरात गेलं. सुशीचा भात कडक आणि थंडगार, रामेनमध्ये पाकिटातल्या नूडल्स, बिबिमबापला शेजवान राइसची चव, किमची म्हणजे तिखट लावलेला कोबी आणि चिकन चक्क गोड. लेक हिरमुसली. मिस्टर म्हणाले, "त्यांचं खाणंच असलं असतं." तुमचा प्रश्न असा की आपल्याला फसवलं, की आपल्यालाच त्यातलं कळत नाही? आणि पुढच्या वेळी काय बघून मागवायचं, की सरळ घरीच करायचं?

मी पुण्याजवळ रांजणगाव-तळेगाव पट्ट्यात कोरियन साहेब लोकांच्या गेस्ट हाउसचं किचन सांभाळलं, नंतर एका जपानी हॉटेलात बरीच वर्षं काढली. आता मिरजेत असतो. हॉटेलांना मेन्यू बसवून देणं आणि कुक तयार करणं हे माझं काम. त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूनं उत्तर देतो. थोडी लबाडी झालीय, थोडा आपल्या जिभेच्या सवयीचा भाग आहे, पण जेवण बिघडवलं ते भातानं आणि लांबलचक मेन्यूनं. परदेशी सामान सांगलीत मिळत नाही म्हणून असं होतं, हे मालक लोकांचं आवडतं कारण मला अजिबात पटत नाही.

भातापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

सुशी म्हणजे मासा असं आपल्याकडे लोक धरून चालतात. सुशी करणारा माणूस मात्र आधी भाताचं बोलतो. भात शिजताना त्यातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं आणि मऊ होतं. गार होताना तेच पिष्ट परत घट्ट बांधलं जातं, पाणी सोडतं आणि दाणा कडक होतो. हे सगळ्यात झपाट्यानं होतं ते शून्य ते चार अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं फ्रिजमध्ये. डीप फ्रीझरमध्ये झटकन गोठवलेला भात परत गरम केला तर बऱ्यापैकी सुधारतो. फ्रिजमधला भात गरम केल्याशिवाय सुधारत नाही, आणि सुशी तर कुणी गरम करून देत नाही. तुमची सुशी "थंडगार" होती हे तुम्हीच लिहिलंय. सुशीचा भात साधारण अंगाच्या उबेइतका कोमट असावा लागतो. तेव्हा ती प्लेट सकाळी किंवा आदल्या रात्री वळून, प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेली होती, हे मी किचन न बघता सांगू शकतो.

फ्रिजमध्ये का ठेवतात, तर भीतीपोटी. ती भीती खोटी नाही. शिजवलेल्या साध्या भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत, आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात बाहेर राहिलेला भात कुणालाही आजारी पाडेल. पण सुशीच्या भातात व्हिनेगर घालतात ते नुसतं चवीसाठी नसतं. भाताचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितकं कमी तितकं आंबट), ४.६ च्या खाली आला की हे जिवाणू वाढत नाहीत, आणि भात काही तास फ्रिजबाहेर ठेवता येतो. त्यासाठी व्हिनेगर मोजून घालावं लागतं. एक किलो तांदळाला १२० ते १५० मिलि राइस व्हिनेगर, ६०-७० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅमच्या आसपास मीठ. हे मिश्रण भात वाफाळता असतानाच त्यात घालायचं आणि पसरट लाकडी उलथन्यानं भात कापल्यासारखा हलवायचा. घोटला की संपलं. एका बाजूनं वारा घालत राहायचं म्हणजे वरचा ओलावा उडतो आणि दाण्याला चकाकी येते. आपल्याकडच्या बहुतेक किचनमध्ये व्हिनेगर बाटलीतून अंदाजानं ओततात, तेही चायनीजच्या गाडीवरचं पांढरं. मग कुकला स्वतःच्याच भाताचा भरवसा वाटत नाही आणि तो सगळं उचलून फ्रिजमध्ये टाकतो.

आता तांदूळ. जपानी आणि कोरियन तांदूळ आखूड, गोलसर आणि चिकट असतो, कारण त्यात अमायलोज नावाचं, भात मोकळा ठेवणारं पिष्ट कमी असतं. बासमतीत ते जास्त, म्हणून बासमती मोकळा होतो. काही मालक पैसे वाचवायला बासमतीची कणी आणतात आणि चिकटपणा यावा म्हणून जास्त पाणी घालून गिचका करतात. त्यापेक्षा आपल्या हाताशी इंद्रायणी आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला हा वाण १९८७ साली आला. वासाला चांगला, शिजल्यावर चिकटून राहणारा, आणि सांगली-साताऱ्यात कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा. हुबेहूब जपानी तांदूळ तो नव्हे. त्याला स्वतःचा वास आहे आणि दाणा जरा लवकर मोडतो. पण ताज्या इंद्रायणीची सुशी फ्रिजमधल्या परदेशी तांदळाच्या सुशीपेक्षा शंभर पटीनं बरी लागते. मी मेन्यू बसवून देतो तिथे पहिली अट एकच घालतो: दुपारचा भात वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. निम्मे मालक तिथेच नाराज होतात.

तुम्ही पाठवलेल्या मेन्यूच्या फोटोत सुशीबरोबर किमबापही दिसतोय. दोन्ही समुद्री शेवाळाच्या पातळ पत्रीत गुंडाळलेले रोल, म्हणून लोकांना एकच वाटतात. किमबापच्या भातात व्हिनेगर नसतं, तिळाचं तेल आणि मीठ असतं. आत बहुतेक शिजवलेल्याच गोष्टी: अंड्याची पट्टी, परतलेलं गाजर, पालक आणि मुरवलेला पिवळा मुळा. जिथे दोन्हींना एकच भात वापरतात तिथे एकाची चव हमखास बिघडते. कॅफेत पुन्हा गेलात तर वेटरला सहज विचारा, "दोन्हीचा भात वेगळा असतो का?" तो गोंधळला तर किमबाप सोडून द्या.

कच्चा मासा नव्हता याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. कच्च्या खायच्या माशातले परजीवी मारायला तो उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा, असं अमेरिकेचं अन्न प्रशासन सांगतं. साधा फ्रीझर उणे १८ च्या आसपास चालतो, आणि आपल्याकडे वीज गेली की तेवढाही राहत नाही. सांगलीत आंबा घाटातून येणारा मासा कालवणासाठी उत्तम असतो, पण कच्चा खायच्या हिशेबानं कुणी तो हाताळलेला नसतो. त्यामुळे क्रॅब स्टिक हा प्रामाणिक पर्याय आहे. तिच्यात खेकडा नसतो, धुऊन घोटलेल्या माशाच्या लगद्याची ती कांडी असते. त्याला सुरिमी म्हणतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या राणी माशापासून सुरिमी बनते, आणि रत्नागिरीच्या गद्रे मरीनचा सुरिमी जगभर जातो. घाटाच्या खालीच होणारी गोष्ट वापरली म्हणून त्या मालकाला मी तरी नावं ठेवणार नाही. सुशीबरोबर येणाऱ्या हिरव्या, झणझणीत वसाबीचंही तसंच. खरी वसाबी फार महाग असते. हॉर्सरॅडिश (एक झोंबणारं मूळ), मोहरी आणि हिरवा रंग एवढंच मिश्रण जपानमधल्या स्वस्त दुकानांतही चालतं.

आता मेन्यूचं गणित. फोटोतली चार पानं मोजली नाहीत, पण सुशी, रामेन, उदोन (जाड नूडल्स), बिबिमबाप, तोकबोक्की (तिखट चटणीतल्या तांदळाच्या पिठाच्या कांड्या), कॉर्न डॉग, बाओ (वाफवलेले भरलेले पाव), मोमो आणि वर पनीर चिली एवढं दिसलं. समजा मंगळवारी संध्याकाळी पंचवीस माणसं आली. त्यातल्या पाचांनी सुशी मागवली, तिघांनी बिबिमबाप, दोघांनी तोकबोक्की. तीन बिबिमबापसाठी पाच-सहा भाज्या वेगवेगळ्या परतून ठेवणं परवडेल का? नाही परवडत. मग एकच शेजवानसारखी चटणी सगळ्यांच्या मदतीला धावते. तुमच्या बिबिमबापमध्ये तीच आली. गोचुजांग ही आंबवलेली चटणी. लाल मिरची, चिकट तांदळाचं पीठ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ यांची, महिनोन्महिने मुरवलेली. ती आधी गोडसर लागते, मग खोल खारट आणि तिखट नंतर. शेजवान चटणीत लसूण आणि व्हिनेगर आधी पुढे येतात. एकदा खऱ्या गोचुजांगची चव घेतली की पुढच्या वेळी पहिल्या घासालाच फरक कळेल. बिबिमबापचं दुसरं लक्षण भांडं. दगडी वाटीत येणारा प्रकार असेल तर वाटी इतकी तापलेली हवी की तळाशी भाताची खरवड धरली पाहिजे. ती खरवड हाच त्यातला सगळ्यात चविष्ट भाग. तुम्हाला तो सिझलरच्या लोखंडी प्लेटवर कोबीच्या पानावर दिला, म्हणजे खरवड धरायचा प्रश्नच मिटला!

रामेनबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त चिडलेल्या दिसता, म्हणून इथे जरा थांबतो. जपानी रामेन पाच गोष्टी जुळवून बनतं: हाडांचा किंवा भाज्यांचा रस्सा, वाडग्याच्या तळाला घालायचा खारट अर्क, वरून सुगंधी तेल, नूडल्स आणि वरची सजावट. पांढरट घट्ट रश्शासाठी डुकराची हाडं बारा-बारा तास उकळतात. नूडल्सला तो पिवळसर रंग आणि दाताला लागणारा ताण येतो तो पिठातल्या क्षारामुळे, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटमुळे. आपल्या पापडखारात ह्याच कुळातले क्षार असतात, त्यामुळे मिरजेतला एखादा शेवयावाला मनावर घेईल तर रामेनच्या नूडल्स इथे बनू शकतात. मी एकाला तयार करतोय. त्याला अजून वाटतं मी थट्टा करतोय.

पण कोरियात 'राम्यॉन' नावानं जे मिळतं ते बहुतेक वेळा पाकिटातलंच असतं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जपानात मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली पहिल्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या. कोरियात साम्यांग कंपनीनं १९६३ साली त्या सुरू केल्या. तिथल्या छोट्या खाणावळीत पाकीट फोडून, अंडं आणि कांद्याची पात घालून वाडगं पुढे ठेवतात. तुमची लेक मालिकांमध्ये बघते ते हेच. तेव्हा कॅफेनं 'राम्यॉन' लिहून पाकीट दिलं असतं तर ते चोख होतं. त्यांनी मेन्यूत 'टोकियो रामेन' लिहिलं, चारशे वीस रुपये लावले आणि शंभर-दीडशेचं कोरियन पाकीट उकळून दिलं. मी वर लबाडी म्हणालो ती ही. बाकी सगळ्याला मी आळस किंवा अज्ञान म्हणेन.

आता मिस्टरांच्या वाक्याकडे येतो, कारण चिकनच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. कोरियन फ्राइड चिकनचा लाल सॉस गोडच असतो. गोचुजांग, लसूण, सोया सॉस आणि भरपूर कॉर्न सिरप किंवा मध. कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या सांगलीच्या जिभेला ते जिलेबीच्या पाकात बुडवल्यासारखं वाटणारच. ते गोड आहे म्हणून परत पाठवू नका. मऊ पडलं असेल तर जरूर पाठवा. हे चिकन दोनदा तळतात. पहिल्यांदा १६० अंशांच्या आसपास आतून शिजेपर्यंत, मग बाहेर काढून वाफ जाऊ देतात, आणि दुसऱ्यांदा १८०-१९० अंशांवर थोडा वेळ. पिठात मैद्यापेक्षा बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च जास्त. असं केलं की सॉस लावल्यावरही बराच वेळ कुरकुरीत राहतं. एकदाच तळलेलं चिकन टेबलावर येईपर्यंत सादळतं. जपानी करीही अशीच गोड असते. मेइजी काळात (१८६८-१९१२) ती इंग्रजांमार्फत जपानात पोचली, तिथे दाट झाली, गोड झाली आणि सौम्य झाली. आपले क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानात आश्रयाला गेले, आणि त्यांच्या कृतीची भारतीय करी टोकियोच्या नाकामुराया दुकानात १९२७ पासून विकली जाऊ लागली. साध्या करीपेक्षा ती बरीच महाग होती तरी चालली. म्हणजे परक्या गावात अस्सल पदार्थ विकता येतो, गिऱ्हाईक पैसेही देतं, फक्त मालकाला आपण काय विकतोय ते माहीत हवं.

आणि दोन देशांची खाणी एका छताखाली आहेत म्हणून ते खोटं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता, आणि त्या काळाच्या खुणा दोन्हीकडच्या ताटांवर राहिल्या. जपानातली मांस भाजायची खाणावळ कोरियन लोकांनी रुजवली. कोरियातला 'तोनकासु' जपानी तोनकात्सुवरून, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेल्या डुकराच्या कापावरून आला. सामानाची यादीही बरीचशी एक: आखूड तांदूळ, सोया सॉस, तीळ, टोफू, शेवाळाच्या पत्र्या. छोट्या गावात दोन्ही मिळून एक हॉटेल काढणं हा व्यवहाराचा शहाणपणाच आहे. अट इतकीच की दोन्हींतले चार-चार पदार्थ घ्यावेत, चाळीस-चाळीस नाही.

किमचीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं, कारण ही एक गोष्ट सांगलीत अगदी उत्तम होऊ शकते आणि तरी तिचीच जास्त वाट लावतात. किमची मुरते ती दुधातल्या विरजणाच्या भाईबंद जिवाणूंमुळे. कोबीला मीठ चोळून पाणी काढायचं, धुवायचं, मग मिरची, लसूण, आलं, थोडी तांदळाची खळ आणि बहुतेक वेळा मुरवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी लावून दाबून भरायचं. आंबटपणा त्या मुरण्यातून यायला हवा. तुम्हाला आलेला आंबटपणा व्हिनेगरचा होता. जिभेच्या टोकाला लगेच झोंबला आणि संपला, असं तुम्ही लिहिलंय त्यावरूनच ओळखलं. मुरलेल्या किमचीचा आंबटपणा हळू येतो, आणि पानात बारीक फसफस जाणवते. आता न मुरवलेली ताजी किमचीही कोरियात खातात, त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायची. तेव्हा ताजी दिली म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ताज्या किमचीला तिळाचा वास आणि नीट खारवलेला कोबी लागतो. केचप आणि चिली सॉसमध्ये कालवलेला कोबी ती नव्हे. आणि लांबट चायनीज कोबी मिळाला नाही हीही सबब चालत नाही. कोरियन लोक आपल्यासारख्या गोल गड्ड्याचीही किमची करतात.

मिरचीचं तर आपलं नशीब चांगलं. कोरियन गोचुगारू ही बिया काढलेल्या, उन्हात वाळवलेल्या लाल मिरचीची जाडसर भरड. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. आपल्याकडची ब्याडगी तिच्या सगळ्यात जवळ जाते. देठ आणि बिया काढून जाडसर भरडली की काम होतं, अगदी पीठ करायचं नाही. संकेश्वरी घेऊ नका, तोंड भाजेल आणि रंगही तसा येणार नाही. मुरवताना उकाड्याचं भान ठेवायचं. थंडीत बाहेर दोन-तीन दिवस लागतात ते मे महिन्यात एका दिवसात उरकतं, मग लगेच फ्रिजमध्ये. कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर घरंच्या घरं आणि शेजारी मिळून किमची घालतात. त्या प्रथेला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आणि एक तक्रार माझी स्वतःची: कोरियन जेवणात किमची आणि बरोबरच्या छोट्या वाट्या न मागता येतात, संपल्या की परत मिळतात. आपण थाळीतल्या लोणच्या-कोशिंबिरीचे वेगळे पैसे लावत नाही, तसंच ते. इथे किमचीचे एकशे ऐंशी रुपये लावतात. सांगलीत कोबीचा भाव मला माहीत आहे हो.

लेकीच्या मैत्रिणीबद्दल नाजूक विषय आहे, पण स्पष्ट सांगतो. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ते शाकाहारी. पण सूपचं पाणी बहुधा 'दाशी' असतं, आणि नेहमीची दाशी समुद्री शेवाळ आणि वाळवून किसलेला बोनिटो मासा यांची असते. तयार पावडरमध्येही मासा असतो. किमचीत मासा किंवा कोळंबी असण्याचा संभव मोठा, आणि लसूण तर नक्की. वेटरनं "व्हेज आहे" म्हटलं म्हणजे बहुतेक वेळा मांसाचे तुकडे नाहीत एवढंच त्याला म्हणायचं असतं. झालं त्यात तुमचा किंवा त्या मुलीचा काही दोष नाही. पण पुढच्या वेळी तिच्या घरी आधी सांगा, आणि कॅफेत असं विचारा: "सूपच्या पाण्यात मासा आहे का? पावडर कुठली, पाकीट दाखवा." सांगलीत जैन गिऱ्हाईक एवढं असताना मालकांना हे सुचत नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं. कारण जपानी आणि कोरियन बौद्ध मठांतलं जेवण मुळातच बिनमांसाचं, बिनकांदा-लसणाचं आहे. तिथे दाशी शेवाळ आणि वाळलेल्या शिताके अळिंबीची करतात. मठात मुळा-गाजर चालतं आणि अळिंबीही, म्हणून काटेकोर जैनांना ते तसंच्या तसं चालणार नाही. नुसत्या शेवाळाच्या दाशीत टोफू घातला, तर आज ती मुलगी जे खाऊन आली त्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि चवीला कमी पडत नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं ह्याच शेवाळातून चव आणणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, त्याचीच पुढे अजिनोमोटो नावाची पुडी झाली. चायनीजच्या गाडीवर चिमटीनं टाकतात ती.

पुढच्या वेळी कुठेही गेलात, तर आधी मेन्यूची जाडी बघा. पातळ मेन्यू असेल तर बसा. सुशी मागवण्याआधी विचारा, "आत्ता वळून देणार का?" पंधरा-वीस मिनिटं लागतील म्हणाले तर शुभ लक्षण. दोन मिनिटांत आली तर हात लावून बघा, गार असेल तर परत करा. शेवाळाची पत्री चावताना तुटली पाहिजे. चिवट ओढली जात असेल तर रोल जुना आहे. पावसाळ्यात तर ती दहा मिनिटांतच सादळते, म्हणून जुलैमध्ये मी स्वतः बाहेर रोल मागवत नाही. संशय असेल तेव्हा गरम, ताजं तळलेलं किंवा टेबलासमोर उकळणारं मागवा. कात्सु करी (तळलेल्या कापाबरोबरची जपानी करी), फ्राइड चिकन, टोफू घातलेला किमचीचा रस्सा. हे बिघडवायलासुद्धा मेहनत लागते.

कॅफेवाल्याला सांगावं का? सांगा, पण काउंटरवर, शांतपणे आणि नेमकं. "जेवण चांगलं नव्हतं" म्हटलं की तो "बरं ताई" म्हणेल आणि विसरेल. "सुशीचा भात फ्रिजमधला होता आणि रामेन पाकिटाचं होतं, मेन्यूत तसं लिहा" असं म्हटलं तर त्याला कळेल की गिऱ्हाईकाला समजतंय. पहिल्या वर्षात असलेला मालक बहुतेक वेळा ऐकतो. त्याच्याकडे शिकलेला कुक नसतो, व्हिडिओ बघून आलेला मेन्यू असतो आणि भाडं डोक्यावर असतं.

आणि घरी करायचं तर सुशीच्या मागे लागू नका, किमबाप करा. दोन वाट्या इंद्रायणी हलक्या हातानं तीन-चार पाणी धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा आणि अडीच वाट्या पाण्यात शिजवा. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी. भात झाल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. मग मीठ आणि दोन चमचे तिळाचं तेल घालून हलक्या हातानं उलटा-पालटा. तेल भाजलेल्या तिळाचं, गडद वासाचं हवं. आपलं दिव्याचं तेल नको. ते मिळालं नाही तर भाजलेले तीळ भरडून साध्या तेलातून घाला. गाजराच्या काड्या आणि पालक वेगवेगळे परतायचे, पालक घट्ट पिळायचा, नाहीतर रोल सुटतो. अंड्याची जाड पोळी करून तिच्या पट्ट्या कापा. पिवळा मुळा मिळत नसेल तर पांढऱ्या मुळ्याच्या पट्ट्या व्हिनेगर, साखर, मीठ आणि चिमूटभर हळदीत आदल्या दिवशी घालून ठेवा. हळद तर गावचीच आहे. पत्रीची खडबडीत बाजू वर ठेवा, भात पातळ पसरा, वरची दोन बोटं जागा मोकळी सोडा आणि घट्ट वळा. सुरीला तेलाचं बोट लावून कापा. पत्र्यांचं पाकीट पुण्या-मुंबईहून ऑनलाइन मागवता येतं. उघडल्यावर उरलेल्या पत्र्या आतल्या सिलिकाच्या पुडीसकट हवाबंद डब्यात ठेवायच्या, आणि मऊ पडल्याच तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर पाच-पाच सेकंद धरायच्या. केलेले रोल तासा-दोन तासांत संपवा. ह्या भातात व्हिनेगर नाही, तो बाहेर टिकणार नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवलात तर तुमच्या त्या कॅफेसारखाच होईल. उरलेच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अंड्यात बुडवून तव्यावर भाजा, कोरियन घरांत तेच करतात.